गुलाबदाणीतले पाणी

यंदा मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडावयाचे ठरले. त्यासाठी मी सासूबाईंची चांदीची गुलाबदाणी पेटीतून काढली आणि चिंच लावून घासावयास बसले. शेजारची सहावीतली मुलगी जवळ येऊन म्हणाली, "आजी, यातलं पाणी गुलाबाचं असतं म्हणजे काय? गुलाब पिळतात का?" मी "उकळतात गं" म्हणून वेळ मारून नेली. ती तेवढ्याने गप्प बसली, पण माझे समाधान झाले नाही. पन्नास वर्षे ही दाणी मी दर संक्रांतीला भरीत आले. त्या पाण्याची हकीकत मला चार वाक्यांपलीकडे सांगता येऊ नये? मग वाचनालयाच्या चकरा सुरू झाल्या. मुलगा परगावाहून येताना दोन पुस्तके घेऊन आला. स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहा" असा चिटणीसबाईंचा तगादा होताच. तेव्हा भगिनींनो, जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली मौज शब्दाचीच. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब हा शब्द मुळात फुलाचा नव्हेच, पाण्याचा आहे! इराणात आजही 'गोलाब' म्हटले की बाटलीतले पाणी समजतात. आपल्याकडे मात्र पाण्याचे नाव फुलाला चिकटले आणि पाण्यासाठी आपण 'गुलाबपाणी' हा नवा शब्द केला, म्हणजे पाण्याला दोनदा पाणी म्हटले. 'गुल' आणि 'कंद' म्हणजे खडीसाखर, यांचा झाला गुलकंद. याहून गंमत पुढेच आहे. हाच गुलाब अरबांच्या तोंडी 'जुलाब' झाला. गुलाबपाण्यातून औषध देण्याची हकीमांची रीत होती, त्यावरून पोट साफ करणाऱ्या औषधालाच जुलाब म्हणू लागले आणि तो शब्द आपल्या घरात आला. हळदीकुंकवाच्या दिवशी पाहुण्यांवर आपण ज्याचा शिडकावा करतो आणि आदल्या रात्री मुलांना एरंडेल पाजून जे करवितो, ती दोन्ही एकाच घरची नावे आहेत. हे माझ्या सुनेला सांगितले तेव्हा ती हसून हसून बेजार झाली.

गुलाबपाण्याचे माहेर म्हणजे इराण. तिथल्या फार्स प्रांतात, विशेषतः जूर नावाच्या गावाभोवती (आताचे फिरोजाबाद), गुलाबाची शेते असत. नवव्या शतकाच्या सुमारास हा प्रांत बगदादच्या खलिफाकडे जो वार्षिक भरणा करी, त्यात गुलाबपाण्याच्या तीस हजार बाटल्या असत, असे इब्न खल्दून या इतिहासकाराने नोंदविले आहे. आपल्या गावात शेतसारा धान्याने देत, तिथे सुगंधाने देत! पुष्कळ पुस्तकांत 'गुलाबपाण्याचा शोध इब्न सीना या हकीमाने लावला' असे छापलेले सापडते. ते मला पटत नाही. इब्न सीना जन्मला 980 साली. त्याच्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षे ज्याच्या तीस हजार बाटल्या खजिन्यात जात होत्या, ती वस्तू त्याने शोधली कशी? शिवाय अल्-किंदी नावाच्या पंडिताने नवव्या शतकातच सुगंधी द्रव्यांवर आणि ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला होता. मोठ्या माणसाच्या नावावर शोध चढवून देण्याची सवय सर्वच देशांत आहे. याचे आणखी एक उदाहरण पुढे येतेच.

इराणातून हे पाणी मोठमोठ्या काचेच्या कुप्यांत भरून जहाजांनी बाहेर जाई. त्या कुपीला फारसीत 'कराबा' म्हणत. आज कारखान्यातल्या आम्लाच्या मोठ्या बाटलीला इंग्रजीत 'कारबॉय' म्हणतात, तो हाच शब्द. आपल्या पारशी शेजारणींच्या शुभकार्यातल्या 'सेस'च्या ताटात चांदीची गुलाबाज असते, तीही त्याच इराणी घराण्यातली. मक्केच्या काब्याला आंघोळ घालतात ती झमझमच्या पाण्यात गुलाबपाणी मिसळून. आपण लग्नात, मुंजीत, पानसुपारीला शिंपडतो. इतक्या निरनिराळ्या दारांत चालणारे दुसरे पाणी मला तरी आठवत नाही.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी खरे तर हा लेख लिहावयास घेतला.

गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानने लावला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. बागेतल्या पाटात गुलाबपाणी सोडले होते, त्यावर तेलाचा तवंग तिने पाहिला वगैरे. गोष्ट सुरेख आहे. पण खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात 1614 च्या सुमाराची जी नोंद केली आहे, तिच्यात पाटही नाही आणि नूरजहानही नाही. तो लिहितो की, हा शोध नूरजहान बेगमच्या आईने लावला. ती गुलाबपाणी करीत असताना, गरम पाणी सुरयांतून पसरट भांड्यांत ओतले की त्यावर साय धरल्यासारखे काही जमे. ते तिने थोडे थोडे करून गोळा केले. त्याचा एक थेंब तळहाताला चोळला तर सबंध सभा दरवळते, असे बादशहा सांगतो. त्याने खूश होऊन तिला मोत्यांची माळ दिली. अकबराच्या विधवा सलीमा सुलतान बेगम त्या वेळी तिथे होत्या. त्यांनी या तेलाला नाव दिले 'इत्र-इ-जहांगीरी'. नोंद लिहिली गेली तेव्हा त्या हयात नव्हत्या, म्हणजे शोध त्याआधीचा.

आता बघा. काम केले आईने. नाव पडले जावयाचे. आणि पुढे लोकांनी श्रेय दिले लेकीला! त्या बाईंचे स्वतःचे नाव अस्मत बेगम. पण या नोंदीत बादशहाने तेही लिहिलेले नाही, 'नूरजहानची आई' एवढेच. मोत्यांची माळ मिळाली, हे मात्र मान्य केले पाहिजे. पुष्कळींना तीही मिळत नाही.

इटलीतल्या जाणकारांनाही सोळाव्या शतकात गुलाबपाण्यावरचे हे तेल दिसले होते, तेव्हा जगात पहिल्या अस्मत बेगमच, असा माझा हट्ट नाही. मला भावली ती तिची पद्धत. साय दिसली, ती फेकली नाही. रोज थोडी थोडी जमविली. हे कोणा विद्वानाचे नव्हे, दूध तापविणाऱ्या बाईचे डोळे आहेत.

हिंदुस्थानात गुलाबपाण्याची दोन नामांकित गावे, कनौज आणि गाजीपूर. दोन्ही गंगेकाठची. कनौजची भट्टी आजही चालू आहे. गाजीपूरची हकीकत निराळी. लॉर्ड कॉर्नवॉलिस 1805 साली तिथेच वारला व त्याची कबर तिथे आहे, एवढेच मला ठाऊक होते. पण एकोणिसाव्या शतकात त्या गावाभोवती शेकडो बिघे गुलाब होता. 1824 साली बिशप हेबर नावाचा पाद्री तिथून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, रुपयाभार अत्तराला दोन लाख फुले लागतात. बाजारात ते ऐंशी रुपयांना मिळते, पण त्यात चंदनतेलाची भेसळ असते. इंग्रजांच्या वखारीत खात्रीचे मिळते, ते शंभर रुपयांना. म्हणजे शुद्ध आणि भेसळ यांत वीस रुपयांचे अंतर, आणि त्या काळचे वीस रुपये!

पुढे 1839 साली डॉक्टर जॅक्सन यांनी गाजीपूरच्या या धंद्याचे सविस्तर वर्णन छापले. गृहिणीने वाचावे असे ते वर्णन आहे. बिघ्यात हजार झाडे, आणि बिघ्यामागे लाखभर फुले. फुले वजनावर नव्हे, लाखावर विकली जात. लाखाला चाळीस ते सत्तर रुपये. पहाटे खुडणी. आठ हजार फुलांत दहा-अकरा शेर पाणी घालून चुलीवर चढवावयाचे आणि त्यातून आठ शेर गुलाबपाणी उतरवून घ्यावयाचे. ते काचेच्या कुप्यांत भरून काही दिवस उन्हात ठेवावयाचे, म्हणजे ते 'पक्के' होते. मग तोंडाला कापूस आणि वर ओली माती. अत्तर हवे असेल तर तेच गुलाबपाणी रात्री उघड्या पसरट भांड्यात दवात ठेवावयाचे. गारव्याने तेल थिजून वर येते. सूर्य उगवण्यापूर्वी ते पिसाने अलगद काढून घ्यावयाचे. पुन्हा तीच साय!

कवी रवींद्रनाथ 1888 साली मुद्दाम गाजीपूरला राहावयास गेले होते. तिथल्या गुलाबांची कीर्ती ऐकून गेले आणि हिरमुसले. पाहतात तो काय, ही व्यापाऱ्याची शेते. इथे ना बुलबुलाला आमंत्रण ना कवीला. मला वाचताना कवीपेक्षा त्या शेतातल्या खुडणारणींची आठवण आली. लाख फुले म्हणजे लाख वेळा काट्यात हात. गाजीपूरचे गुलाब पुढे ओसरले. 1820 साली सुरू झालेला अफूचा कारखाना मात्र तिथे टिकला.

भट्टीची रचना मला एका पुस्तकातल्या चित्रावरून नीट उमगली. मातीच्या चुलीवर तांब्याची मोठी देग. तिच्यात पाणी आणि फुले. वर झाकण, आणि फटीतून वाफ निसटू नये म्हणून कापूस व मातीचा लेप. झाकणातून बांबूची नळी निघते, तिला सुतळी गुंडाळलेली असते. ती गार पाण्याच्या टाक्यात ठेवलेल्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. ते भांडे म्हणजे भपका. वाफ तिकडे जाते, थंड होते, पाणी होते. यात यंत्र असे काहीच नाही. सगळे कारागिराच्या हातात आणि कानात. जाळ जास्त झाला की फुले करपतात आणि जळका वास बसतो. टाक्यातले पाणी कोमट झाले की वास उडून जातो. कनौजला अत्तर करताना भपक्यात आधीच चंदनाचे तेल घालून ठेवतात, ते गुलाबाचा वास धरून ठेवते. गुलाबपाण्याला त्याची गरज नाही. गुलाबाच्या वासातला एक मोठा भाग पाण्यात विरघळणारा आहे, तो तेलात फारसा उतरतच नाही, पाण्यातच राहतो. म्हणून चांगल्या गुलाबपाण्याचा वास ताज्या फुलाला अत्तरापेक्षाही जवळचा वाटतो. हाच भाग आज रसायनाच्या कारखान्यात गुलाबाशिवाय तयार होतो (फिनाइल एथिल अल्कोहोल असे त्याचे नाव). तो पाण्यात मिसळला की झाले स्वस्त 'गुलाबजल'.

या सगळ्यात आपल्या महाराष्ट्राचा हात कुठे, असे तुम्ही विचाराल. आहे, आणि तो अभिमानाने सांगावा की खाली मान घालून, हे मला अजून ठरविता आले नाही. माझे माहेर खानदेशातले. आजीचे गुडघे दुखले की रोशा तेल चोळीत. रोशा हे रानातले गवत. पावसाळा सरता सरता फुलते, आणि ते उकळून काढलेल्या तेलाला गुलाबासारखा वास येतो, कारण गुलाबात असलेले एक सुगंधी द्रव्य त्यातही भरपूर आहे. नंदुरबार, शहादे, तळोदे, पिंपळनेर या बाजूला ओढ्याकाठी त्याच्या भट्ट्या लागत. 1880 सालच्या खानदेश गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. एवढे तेल जाई कुठे? आजीच्या गुडघ्यांना वाटीभर पुरे. ते मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांना आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते लिंबाच्या रसाने व उन्हाने स्वच्छ करून बल्गेरियातल्या काझान्लाकच्या गुलाबी अत्तरात मिसळीत. एक किलो शुद्ध अत्तराला तिकडे तीन-चार हजार किलो फुले लागतात, तेव्हा भेसळीचा मोह कोणाला होणार नाही? काही वस्ताद तर हे तेल भट्टी लावण्यापूर्वीच फुलांवर शिंपडीत, म्हणजे पुढे वास घेऊन ओळखण्याची सोय नाही. पॅरिसच्या एखाद्या मडमेने भारी किमतीची म्हणून जी कुपी छातीशी धरली असेल, तीत आमच्या तळोद्याचे गवत होते! आजी असती तर म्हणाली असती, "मग तिचे गुडघे बरे दुखत नसतील."

आता घरचे बोलते. माझ्या आत्येसासूबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या, आणि त्यांचे सारे आयुष्य आमच्या स्वयंपाकघरात गेले. संक्रांतीचे गुलाबपाणी त्या स्वतः करीत. अंगणातल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या तांब्याच्या पातेल्यात घालून पाणी ओतीत. मधोमध दगड, दगडावर वाटी. वर झाकण उपडे, त्याच्या कडेला कणकेचा लेप, आणि झाकणाच्या खोलगट भागात गार पाणी. ते कोमट झाले की उपसून पुन्हा गार घालावयाचे. तासाभरात वाटीत पाणी साठे. कनौजची देग आणि भपका, दोन्ही एकाच पातेल्यात! त्यांनी हे कोणाकडून शिकले, ते मी कधी विचारले नाही. पाणी गुलाबदाणीत भरून त्या सासूबाईंच्या हाती देत आणि आत जात. ओसरीवर पन्नास बायकांवर ते शिंपडले जाई. त्यांच्यावर कधीच नाही. मी नवी सून, मला ते दिसत होते आणि मी गप्प राहिले. हे लिहिताना अजूनही बरे वाटत नाही.

1976 च्या संक्रांतीला आपल्या मंडळाचे पहिले हळदीकुंकू झाले. त्या आधीच्या सभेत पहिल्या अध्यक्षबाईंनी ठराव मांडला की, कुंकू ज्याचे त्याने ठरवावे, पण गुलाबपाणी आणि तिळगूळ दारात येणाऱ्या प्रत्येकीला मिळेल. बरीच चर्चा झाली. दोघींनी मंडळ सोडले. आत्येसासूबाईंनी त्या वर्षीही पाणी करून दिले, स्वतः आल्या नाहीत. "माझ्याच्याने नाही होणार," एवढेच म्हणाल्या. पुढच्या वर्षी आल्या. जुन्या सभासदांना आठवत असेल, पांढरे लुगडे नेसून त्या दाराशी उभ्या होत्या आणि गुलाबदाणी त्यांच्याच हातात होती. पुढे आठ वर्षे ते काम त्यांच्याकडेच राहिले.

त्यांच्यामागे आपण दुकानातली बाटली आणू लागलो. गेल्या वर्षी त्या पाण्याने दोन-तीन जणींचे डोळे चुरचुरले, तेव्हा मी चष्मा लावून बाटली वाचली. 'शुद्ध' हा शब्द मोठ्या अक्षरांत, आणि बारीक अक्षरांत पाणी, सुगंध, टिकाऊ द्रव्य. गुलाबाचे नाव नाही. यंदा म्हटले, आपणच करू. आम्ही चौघींनी बाजारातून लांब देठाचे लालभडक गुलाब आणले, मावळातल्या हरितगृहांतले असावेत. पातेले लावले. जे पाणी निघाले त्याला उकडलेल्या कोबीचा वास! चूक पातेल्याची नव्हती. ते फूल देखणे आहे, दूरदेशी पाठविता येते, पण त्याला वास नाही; जातच निराळी. पाण्याचा गुलाब फिकट गुलाबी, लहानसर, पुष्कळ पाकळ्यांचा असतो. उत्तरेकडे त्याला चैती म्हणतात, कारण तो चैत्राच्या सुमारास फुलतो. तो पहाटेच खुडावा लागतो, कारण ऊन चढले की वास निघून जातो. हाथरसजवळचे हसायन आणि राजस्थानातले पुष्कर इथे त्याची शेते आहेत.

आपल्याकडे गावठी गुलाब शोधावयाचा म्हणजे कठीण. अखेर मागच्या आळीतल्या एका वाड्यात एक झाड निघाले. मालकीणबाईंनी आठ दिवस रोज सकाळी फुले दिली. पाकळ्यांचा एक वाटा गुलकंदाच्या बरणीत गेला, पाकळ्यांच्या दुप्पट साखर आणि महिनाभर ऊन. ती बरणी प्रदर्शनाच्या टेबलावर आहे, चमचा शेजारीच ठेवला आहे. उरलेल्या पाकळ्यांचे दोन बाटल्या पाणी उतरले. वरची साय पाहण्यासाठी मी एक वाटी रात्रभर गच्चीवर दवात ठेवली होती. सकाळी पाहिले तर डोळ्यांना काही दिसेना. पण बोट बुडवून तळहातावर चोळले आणि दुपारी पोळ्या लाटतानाही वास येत होता.

पाणी दोनच बाटल्या असल्याने वर्धापनदिनी प्रत्येकीला एकच शिडकावा मिळेल, याची नोंद घ्यावी. आणि गुलाबदाणीच्या जाळीतली दोन भोके बुजलेली आहेत, ती सुईनेही मोकळी होत नाहीत. पाणी डावीकडे उडते. तेव्हा दारातून येताना जरा डाव्या अंगाने यावे.